पेनकिलरच्या गोळ्या सोडायच्यात? मुंबईत राहून, नोकरी सांभाळून हे कसं जमवायचं

कंबरेचं ऑपरेशन झालं, नाहीतर बाईकवरून पडून खांदा गेला, डॉक्टरांनी ट्रामाडॉल नाहीतर टॅपेंटाडॉल लिहून दिलं, दुखणं आटोक्यात आलं, पण गोळी काही बंद झाली नाही. आता एखादी वेळ चुकली की नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, आणि घरचे म्हणतात हवा बदललीये, सर्दी असेल. सर्दी नाहीये ती. गोळी उतरताना अंग जे करतं ते आहे, आणि हे ज्यांच्या आत्ता आत्ता लक्षात येतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. लालबागला राहणारा, पाठीच्या दुखण्यापायी ह्या गोळ्यांत अडकलेला आणि त्यातून बाहेर आलेला माणूस आहे, नंतर ओळखीच्या काही जणांसोबत ओपीडीच्या बाकड्यावरही बसलोय. डोस किती आणि कसा कमी करायचा ते तुमचा डॉक्टरच ठरवणार. मी सांगतोय ते बाकीचं, जे सांगायला ओपीडीत कोणाकडे वेळ नसतो.

गोळी कुठली आहे ते आधी बघा

स्ट्रिप उलटी करा आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचा, कंपनीचं नाव नाही, आतलं औषध. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्यांचे प्रॉब्लेम वेगळे. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिलचा पॅच असं काही दिसलं तर ते ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं काम करणारं औषध. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं कारण गोळी मिक्स असते, 325 पॅरासिटामॉल आणि 37.5 ट्रामाडॉल असं एकत्र, आणि लोक छातीठोकपणे सांगतात मी तर साधी पेनकिलर घेतो. खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं ते वेगळंच.

मग एक कागद घ्या आणि दिवसभरात खरोखर किती जातात ते लिहा. चिठ्ठीवर किती लिहिल्यात ते नाही, पोटात किती जातात ते. सोबत झोपेची गोळी, अँग्झायटीची गोळी, डिप्रेशनची गोळी, फिटची गोळी, दारू, सगळं लिहा, लाजू नका. ह्याचं कारण असं की अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ह्या झोपेच्या आणि अँग्झायटीच्या गोळ्या किंवा रोजची दारू एकदम थांबवली तर फिट येऊ शकते आणि जीवावर बेतू शकतं, त्यामुळे ते चालू असेल तर घरी काही करायच्या आधी डॉक्टर, दुसरा रस्ताच नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्यांचं आणि ट्रामाडॉलचं एकमेकांशी पटत नाही, तेही डॉक्टरला कळायला हवं. बाई गरोदर असेल तर एकदम बंद करणं बाळासाठी धोक्याचं, तिने तर आजच दाखवायचं.

एकदम बंद करायचं नाही

आपल्याकडे सोडायचं म्हटलं की लोकांना शपथ घेऊन, उद्यापासून बंद, असंच करायचं असतं. बाप्पासमोर हात जोडून स्ट्रिप कचऱ्यात. दुसऱ्या रात्री तीच स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यातून शोधणारे मी बघितलेत. त्यात त्यांची काही चूक नव्हती, अंगाला रोजची सवय लागलेली असते आणि ते आपलं मागत राहतं, श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.

डॉक्टर साधारण काय करतात तर डोस हळूहळू उतरवतात. वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांसाठी महिन्याला दहा टक्के इतकंसुद्धा हळू चालतं, काही आठवड्यांचीच सवय असेल तर लवकर उतरवता येतं. गणित मात्र समजून घ्या. समजा तुम्ही 50 मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल घेताय, म्हणजे 200. एक कमी केली तर पाव भाग कमी झाला. पुढे दोनाची एक केली तर ते अर्धं झालं, आणि शेवटची एक बंद केली तर ते पूर्ण झालं. गोळी प्रत्येक वेळी एकच कमी होतेय पण अंगाला बसणारा झटका वाढत जातो, म्हणून चारवरून दोनवर आरामात आलेला माणूस शेवटच्या एका गोळीशी अडतो आणि त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. तसं काही नाही. शेवटी शेवटी पायऱ्या बारीक लागतात, त्यासाठी कमी ताकदीची गोळी लिहून द्या असं डॉक्टरला सरळ म्हणायचं.

दोन गोष्टी घरच्या घरी करू नका. एक, एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी अर्धी तोडून किंवा कुटून खायची नाही, ती बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायला बनवलेली असते, तोडली की सगळं एकदम अंगात. दुसरं, एक दिवसाआड गोळी. हे लोकांना फार शहाणपणाचं वाटतं, प्रत्यक्षात दर दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्याने त्रास सुरू करताय. रोज तीच वेळ, पण डोस कमी, असं असतं ते.

एखाद्या पायरीवर फारच झालं तर तिथेच थांबायला हरकत नाही, दोनचार आठवडे. परत वर चढायची घाई करू नका, डॉक्टरला फोन करा आणि थांबा.

मुंबईत जायचं कुठे

ज्याने गोळी लिहून दिली त्याच्याकडे पहिल्यांदा. तो म्हणाला की अहो काही होत नाही, करा बंद, तर दुसरीकडे. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, भायखळ्याचं जेजे, जुहूचं कूपर, ह्या सगळ्या ठिकाणी सायकिएट्रीची ओपीडी आहे. सायकिएट्री म्हटलं की पोटात गोळा येतो मला माहितीये, पण ह्या गोळ्या उतरवण्याचं काम तेच डॉक्टर रोज करतात, ऑर्थोवाले नाही. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, डबा न्या, जुने रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिप पिशवीत घाला. डॉक्टरसमोर नंबर लागला की गोष्ट पहिल्यापासून सांगत बसू नका, तो वर लिहिलेला कागद पुढे करा. अर्धं काम तिथे होतं.

बांद्र्यात क्रिपा फाउंडेशन आहे, 1981 पासून व्यसनमुक्तीचं काम करतात. पुण्याला मुक्तांगण आहे, 1986 पासून, मराठीत सगळं, ज्यांना घरापासून लांब राहून करायचंय त्यांनी विचारून बघावं. नार्कोटिक्स ॲनॉनिमस म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्यांच्या मीटिंगा मुंबईत होतात, फुकट असतात. जायलाच जमत नसेल तर फोन, व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416, दोन्ही सरकारी, टोल-फ्री.

पोलिसांची भीती खूप जणांना असते, कारण एप्रिल 2018 पासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. चिठ्ठीवर औषध घेणारा पेशंट म्हणजे गुन्हेगार नाही, आणि जो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला जातो त्याच्यासाठी त्याच कायद्यात कलम 64ए मध्ये संरक्षण ठेवलंय. शिवाय 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याप्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, ऑफिसात कोणी फोन करून सांगत नाही.

नेहमीचा केमिस्ट ओळखीवर चिठ्ठीशिवाय स्ट्रिप देत असेल तर ते दार आधी बंद करा. त्याला जाऊन सांगा, दादा, मी सोडतोय, मागितली तरी देऊ नका. ऑकवर्ड वाटतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

त्रास कसा येतो, किती दिवस

साध्या गोळीचा शेवटचा डोस घेतल्यावर साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एसआरवाल्यांना थोडं उशिरा. आधी जांभया, डोळ्यांतून पाणी, नाक, घाम, चिडचिड. मग थंडी आणि गरम आलटून पालटून, अंगदुखी, जुलाब, उलटी, झोप नाही, आणि पाय. पाय हा प्रकार सांगून कळत नाही, आतून कोणीतरी ओढतंय असं वाटतं आणि हलवल्याशिवाय राहवत नाही. दुसरा तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठवड्याच्या आसपास अंगाचा त्रास बराच उतरतो. हे एकदम थांबवलं तर. हळूहळू उतरवताना हेच सगळं पातळ होऊन येतं, काही जणांना तर फक्त चिडचिड आणि मोडकी झोप.

ट्रामाडॉलवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. ते औषध मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही काम करतं, त्यामुळे सोडताना काहींना डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, हातापायाला मुंग्या, खूप घबराट, विचित्र स्वप्नं. माहीत नसलं की माणूस घाबरून म्हणतो आपल्याला वेड लागतंय. आणि जुनं दुखणं ह्या दिवसांत दुप्पट वाटतं, कंबर परत गेली असं वाटून लोक परत गोळी घेतात. बऱ्याचदा ते सोडण्यामुळे चढलेलं दुखणं असतं आणि उतरतं. नक्की काय आहे ते डॉक्टरला बघू द्या, पण त्या रात्री निकाल लावू नका.

घर, ऑफिस आणि तारखा

डोस कमी करायची तारीख शुक्रवारी रात्री ठेवा म्हणजे शनिवार रविवार हाताशी राहतो. गणपतीत, लग्नाच्या घरात, मार्च एंडिंगला नवीन पायरी नको. पावसाळ्यात जोरदार पावसाचा अंदाज असला की गोळ्या दोन दिवस आधी आणून ठेवा, पाणी तुंबून गाड्या बंद आणि घरात उतरवणीचा डोस नाही ह्याच्यासारखी वाईट रात्र नाही. ट्रेनचंही बघा, लोकलमध्ये संडास नसतो, जुलाब लागले असताना विरार फास्टमध्ये उभं राहण्याची हिंमत करू नका, वर्क फ्रॉम होम मागा, सिक लीव्ह टाका, सर्टिफिकेटवर काय लिहायचं ते डॉक्टरला माहीत असतं.

चाळीत राहत असाल तर कॉमन संडासचा विचार आधीच करा. पहाटे लाइन लागायच्या आधी एकदा जाऊन या, बादली भरून दाराशी ठेवा, पाण्याची वेळ संपायच्या आत पिंप भरा. एका खोलीत पाचसहा जण झोपत असतील तर तुम्ही दाराच्या बाजूला झोपा, म्हणजे रात्री उठून गॅलरीत फेऱ्या मारताना कोणाच्या अंगावर पाय पडणार नाही. दोन सुती चादरी आणि तीनचार जुने बनियन उशाशी. पंख्यावरून भांडणं होणार, तुम्हाला पाच नंबर हवा आणि दहा मिनिटांनी बंद हवा, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सांगायचं कोणाला हा मोठा प्रश्न. सगळ्यांना सांगायची काही गरज नाही, शेजारच्या मावशींना तर नाहीच, त्या हिंग लावायला सांगतील आणि संध्याकाळपर्यंत तळमजल्याला बातमी. पण घरातल्या एका माणसाला पूर्ण खरं सांगा आणि गोळ्या त्याच्या ताब्यात द्या. आईला म्हणा, आई, ह्या कपाटात कुलूप लावून ठेव, रोजची एवढीच दे, मी रडलो, ओरडलो तरी जास्त देऊ नकोस, त्यापेक्षा डॉक्टरला फोन लाव. घरच्यांसाठी एक विनंती, त्या आठवड्यात लेक्चर नको. तुझ्या काकांनी एका दिवसात तंबाखू सोडली होती वगैरे तर अजिबात नको.

त्या दिवसांत काय करायचं

पाणी सगळ्यात पहिलं. जुलाब आणि घामाने अंग सुकतं आणि अर्धी चक्कर, अर्धी डोकेदुखी त्याचीच असते. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट, उलटी होत असेल तर चमच्याने. नारळपाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, पातळ ताक. बीपी, किडनी, शुगरवाल्यांनी किती आणि काय ते विचारून.

खाणं म्हणजे तांदळाची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, केळं. वडापाव आणि मिसळ थोडे दिवस बाजूला. चहा चारनंतर बंद, तसाही झोपेचा पत्ता नसतो. सिगारेट, तंबाखू सोडायचा विचार चांगला आहे पण त्याच आठवड्यात नको असं माझं मत, एका वेळी एकच लढाई, डॉक्टरचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

पायांसाठी गरम पाणी. बादलीत पाय बुडवून बसा, गरम पाण्याने आंघोळ, रात्री दोन वाजता वाटलं तरी करा. गरम पाण्याची पिशवी पोटावर. बाम चोळून घ्या, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. संध्याकाळी थोडं चाला, शिवाजी पार्कला एक फेरी झाली नाही तर अर्धी, नाहीतर गच्चीवर. झोप येत नसेल तर पंख्याकडे बघत तळमळू नका, उठून बसा, रेडिओ लावा, काहीतरी निवडत बसा.

औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. क्लोनिडिन नावाची मूळची बीपीची गोळी देतात, घाम, थरथर, घबराट ह्यावर चांगली चालते पण बीपी खाली येतं, झटकन उठलात तर चक्कर येऊन पडाल. जुलाबासाठी लोपेरामाइड, पाकिटावर आहे तेवढंच, जास्त घेतलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं, इंटरनेटवर वाचून मूठभर खाणारे असतात म्हणून सांगतोय. अंगदुखीला पॅरासिटामॉल, पण तुमच्या मिक्स गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यात मोजा. जुलाब चालू असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको, सुकलेल्या अंगात किडनीला मार बसतो. आणि बायकोची झोपेची गोळी, मित्राची नसांच्या दुखण्याची प्रेगाबालिन, दोन पेग, ह्यातलं काहीही नाही. ओपिऑइड अजून अंगात असताना हे वर पडलं तर श्वास मंदावतो.

सवय खूप मोठी असेल तर डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवू शकतात. लोक म्हणतात हे काय, एक सोडून दुसरं. मला ते पटत नाही, रोज ठरलेल्या वेळी एक औषध घेऊन माणूस कामावर जातो, घर चालवतो, ह्यात हरलं कोण? फक्त ते त्रास सुरू झाल्यावरच चालू करतात, आधीची गोळी अंगात भरलेली असताना घेतलं तर त्रास एकदम उसळतो, म्हणून कोणाकडून उसनं आणून घरी ट्राय करायचं नाही.

लगेच हॉस्पिटल कधी

फिट आली, छातीत दुखतंय, माणूस बरळतोय किंवा ओळखत नाही, उलटीत रक्त, पाणीही टिकत नाही, सात-आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की कोसळतोय, किंवा जगायचं नाही असं बोलायला लागला, तर 108 लावा नाहीतर टॅक्सीत घाला आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. सकाळपर्यंत थांबू नका.

आठवडा निघाला, आता?

ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे माणसं जातात. त्रास संपतो, अंग हलकं होतं, आणि एक दिवस कंबर दुखते किंवा बॉसशी वाजतं आणि माणूस म्हणतो आजच्या दिवस घेऊ, पूर्वीसारख्याच चारपाच. पूर्वी चारपाच पचत होत्या कारण अंग सरावलेलं होतं. आता तो सराव गेलाय. तोच डोस आता श्वास थांबवू शकतो, दारू सोबत असेल तर आणखीच. माणूस गाढ झोपलाय, हलवून उठत नाही, घोरण्यासारखा आवाज, श्वास फार हळू, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, असं दिसलं तर झोपू दे म्हणायचं नाही, 108, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि काय घेतलंय ते खरं सांगा. हॉस्पिटलात त्यावर नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, वेळेत पोचलं तर माणूस वाचतो. म्हणून घरातल्या उरलेल्या गोळ्या, पर्समधल्या, ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या, गावच्या घरातल्या, सगळ्या गोळा करून केमिस्टला किंवा हॉस्पिटलात देऊन टाका. आणि घेतलीच गेली एखादी, तर लपवू नका, सगळं वाया गेलं म्हणून आणखी चारही खाऊ नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन.

मनाचं मात्र जरा लांबतं. झोप मोडकी, कशात राम नाही, जेवणाला चव नाही, हे काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा चालतं, चढउतार होत. रोज एक ठरलेलं काम ठेवा, सकाळचं दूध आणणं का असेना. फारच काळोख वाटायला लागला तर त्याच ओपीडीत परत जा, त्यावर उपचार आहेत.

आणि मूळ दुखणं, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं, त्याचं काय ते आधीच ठरवून ठेवा. फिजिओथेरपी कंटाळवाणी आहे, खर्चिक आहे, पण कंबर, गुडघा, खांद्याला तीच लागते, सरकारी हॉस्पिटलात कमी पैशात होते. पेन क्लिनिक असेल तर तिथे विचारा. कॅन्सरच्या पेशंटची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, त्यांच्या मॉर्फिनला हे काही लावू नका, नातेवाईकांनी व्यसन लागेल म्हणून त्यांची गोळी कमी करणं हा निव्वळ छळ आहे.

पुढे कधी दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आणि सर्जनला आधीच सांगा की मी पूर्वी ट्रामाडॉल घेत होतो, सोडलंय. गरज पडली तर ते देतीलही, पण मोजून, दोनचार दिवसांसाठी, आणि ती स्ट्रिप पुन्हा आईच्या कपाटात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण तुम्ही स्ट्रेचरवर असताना सांगायला तुम्ही नसाल, फाइल घेऊन धावणारा भाऊ असेल.